मामाला पाणी

माझी भाची शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "खाला, तू गल्फात इतकी वर्षं काढलीस, आमच्या ओळखीचा दिवाळी अंक निघतो, त्यात लिही." मी नको म्हटलं. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं तरी माझा आवाज बसतो, आणि छापलेलं परत घेता येत नाही. पण तिने विचारल्यापासून फुजैऱ्याची मामा मनातून हलत नाही. म्हणून भाचीला न सांगता लिहिते आहे.

माझं काम आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं. व्हिसावर हाऊसमेड लिहिलेलं असायचं, पण झाडूपोछा मी क्वचितच केला. शारजात पहिल्याच घरी एक अंथरुणाला खिळलेली आजी वाट्याला आली, तिच्याकडून दुसरीकडे, असं करत तेच काम पाठीला लागलं. लोकांना वाटतं या कामात घाण काढायची आणि घास भरवायचा, दुसरं काय. घाणीचं काही नसतं, आठवड्यात सवय होते. अवघड असतं ते थांबणं. लकवा मारलेल्या माणसाला घास दिला की तो गिळेपर्यंत थांबायचं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की दुसरा चमचा. घाई केली तर घास श्वासाच्या वाटेने जातो. आणि सगळ्यात धोक्याचं असतं ते पाणी. भाताची पेज जिभेवर थांबते, पाणी थांबत नाही, सरळ धावतं आणि छातीत शिरतं. म्हणून आम्ही पाण्यात कॉर्नफ्लॉवर मिसळून घट्ट करायचो आणि चमच्याने द्यायचो. नवीन घरातल्या लोकांना हे पटवताना फार त्रास व्हायचा. पाण्याने माणूस मरतो हे कोणाला खरं वाटत नाही.

भाषेचा मात्र मला कधी अडथळा वाटला नाही. अजमानला एक अरब म्हातारा होता. तो तोंड उघडत नसे. मी वैतागून आमच्या दाभोळकडच्या बोलीत त्याला रागवायचे, तुझं थोबाड उघड रे बाबा, माझी पण जेवायची वेळ झाली. त्याला वाटायचं मी त्याच्यासाठी दुआ मागते आहे. आमीन म्हणायला त्याचं तोंड उघडायचं आणि चमचा आत जायचा. अशी दोन वर्षं आम्ही एकमेकांना न समजता आनंदात काढली. त्यामुळे माझी खात्री झाली होती की आजारी माणसाला मोजून पाच गोष्टी लागतात आणि त्या न बोलताही कळतात.

मग मी फुजैऱ्याला गेले. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुबई-शारजाकडून डोंगर ओलांडला की पलीकडे फुजैरा. दुबईची झगमग तिथे नव्हती. समोर समुद्र आणि त्यात तेल भरायला आलेली मोठी जहाजं रांगेने उभी. त्यातली काही कित्येक दिवस जागची हलत नसत. आमच्या खिडकीतून ती दिसायची. घराचा मालक इद्रीस, पंचेचाळिशीचा, बंदरावर एका कंपनीत होता. त्या कंपनीच्या बोटी उभ्या जहाजांना प्यायचं पाणी नेऊन देत. माणूस सरळ. त्याची बायको नूरा शाळेत शिकवायची. घरी अरबी बोलत, माझ्याशी तिथली सगळ्यांची असते ती मोडकी हिंदी. इद्रीसचा जन्म आफ्रिकेतल्या मसावा बंदरातला, एरिट्रियातला. वडील बोटीवर होते, त्यांनी लहानपणीच त्याला आणि त्याच्या आईला एडनला आणलं, तिथून इकडे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या आईसाठी मला ठेवलं होतं. तिचं नाव मरियम. तिकडच्या पद्धतीने घरच्या बाईला मामा म्हणायचं आणि मालकाला बाबा. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे पहिले काही दिवस मला हसू यायचं. मामा गोरीपान होती, केस मात्र दाट कुरळे. उजवी बाजू लकव्याने गेलेली. डाव्या हाताने माझं मनगट धरायची, ते सोडायची नाही. आणि बोलणं गेलेलं. लकव्यात कधी पाय जातो, कधी जीभ, आणि कधी जीभ चांगली असून शब्द जातात. तिचे शब्द गेले होते. जन्मभर अरबी बोलली, पण मुलाचं नाव तिला येत नव्हतं. काही आवाज यायचे, त्यांचा कोणाला पत्ता लागत नव्हता. एकच शब्द स्पष्ट होता.

"पाने," ती म्हणायची. "पाने, पाने."

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा इद्रीस दारातच होता. त्याचा चेहरा फुलला. "देखो सकीना, मामा तुम्हारा बोली बोलता है. पानी, पानी." माझ्याआधी त्या घरात एक हैदराबादची बाई होती, तिच्याआधी एक केरळची. त्याला वाटलं, मामाने हिंदी त्यांच्याकडून उचलली. बाकी सगळं पुसलं गेलं, नोकरांची भाषा उरली. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मलाही तसंच वाटलं. वाटू नये असं त्यात काही नव्हतं. गल्फात कोणीही पानी म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो.

तिला पाणी द्यायला लागलो. मी घट्ट करून चमच्याने द्यायचे. मामा पहिला चमचा घ्यायची, मग तोंड फिरवायची. पुन्हा म्हणायची पाने. पुन्हा दिला की हाताने चमचा उडवायची. कधी सगळं माझ्या अंगावर थुंकायची. पाणी मागते आणि पाणी दिलं की थुंकते, म्हणून नूरा तिला गमतीने हट्टी पोर म्हणायची. मी म्हटलं, लकव्यात स्वभाव बदलतो. तसं पाहिलेलं होतं.

इद्रीसला मात्र माझी चमच्याची पद्धत सोसवत नसे. कामावरून आला की तो पहिला मामाकडे जायचा. ती पाने म्हणाली की टेबलावरचा ग्लास उचलायचा. मी मधे पडायचे, "बाबा, डॉक्टर बोला, ऐसा नहीं देने का." एकदा त्याने ग्लास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सकीना, सारा दुनिया का जहाज को मैं पानी देता है. मेरी माँ माँगेगी, उसको चमचा से देगा?"

तहानलेल्याला पाणी द्यावं हे लहानपणापासून आम्ही दोघंही ऐकत आलेलो. तो तिच्या मानेखाली हात घालून ग्लास लावायचा. तिला ठसका लागायचा, डोळे लाल व्हायचे, मी पुढे वाकवून पाठ थोपटायचे. ठसका थांबला की ती त्याच्याकडे बघायची. त्या बघण्याचा अर्थ तो लावायचा की तिची तहान भागली.

तिला ताप आला. छातीत कफ भरला. दवाखान्यातून परत आलो तोवर ती निम्मी झाली होती. जेवण कमी कमी होत गेलं. डॉक्टरांनी भाकरी-रोटीचा तुकडा मना केला होता, कण अडकतात म्हणून. खजुराचा लगदा, मऊ भाताची पेज, कस्टर्ड एवढंच. तिने कस्टर्डलाही तोंड मिटलं. मी सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. गोड दिलं, आंबट दिलं, गाल चोळले, अजमानच्या म्हाताऱ्यासारखं रागवून पाहिलं. ती माझं मनगट धरून हळू आवाजात पाने म्हणायची. दुसऱ्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी नाकातून नळी घातली. घरी पाठवताना डॉक्टर इद्रीसशी इंग्रजीत आणि माझ्याशी हिंदीत बोलले. यापुढे तोंडाने काही नाही, एक थेंब नाही, छाती आता सहन करणार नाही. दूध, औषध सगळं नळीने.

नळीचं काम मला येत होतं. डोकं उंच ठेवायचं, नळी जागेवर आहे की नाही बघायचं, मग दूध हळूहळू सोडायचं. माझ्या हातून ते कधी चुकलं नाही, हे मी अभिमानाने सांगू शकते. मामाचं अंग जरा भरलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पोट भरलेलं असायचं आणि ती म्हणायची पाने. इद्रीस आता ग्लासला हात लावत नसे. ती बोलायला लागली की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. तहान तरी का जात नाही, असं त्याने मला एकदा विचारलं. मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. तिने तोंड फिरवलं.

ईदला इद्रीस शारजाला जाऊन अब्दू चाचांना घेऊन आला. हे त्याच्या वडिलांचे दोस्त, त्यांच्याच बोटीवर बरीच वर्षं स्वयंपाकी होते. पंच्याऐंशीच्या घरातले, पण काठीशिवाय चालायचे. मुंबईच्या गोदीत अनेकदा गेलेले, त्यामुळे मला पाहून म्हणाले, "बम्बईवाली, चाय में अदरक डालना, ये लोग गरम पानी पिलाता है." जेवणं झाल्यावर ते मामापाशी खुर्ची घेऊन बसले. तिचं डोकं थोपटलं. मी खोलीतच होते, कपड्यांच्या घड्या करत. मामाने डोळे उघडले आणि म्हणाली पाने.

अब्दू चाचांचा हात थांबला.

"इद्रीस," ते अरबीत म्हणाले, "ही उपाशी आहे?"

इद्रीसने सांगितलं, उपाशी नाही, नळीने दूध जातं, ती पाणी मागते आहे. पानी, हिंदी आहे.

"हिंदी नव्हे. तल्यानी आहे. इटलीवाल्यांची. ती पाव मागते आहे."

मग नूराने विचारलं, आमच्या सासूबाईंना इटलीवाल्यांची भाषा कुठून येणार? इद्रीसही म्हणाला, चाचा, तुम्ही चुकताय. आई मसावाच्या अरब घरातली. अब्दू चाचांनी मान हलवली. म्हणाले, तुझ्या बापाने मला शपथ घातली होती, पण तो गेला, आणि ही भाकरी मागत मरणार असेल तर ती शपथ काय कामाची.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मोडक्या अरबीत मला समजलं तसं लिहिते. नंतरही मी त्यांना दोन-चार गोष्टी विचारल्या.

त्यांच्या आजोबांच्या काळात इटलीच्या एका जहाज कंपनीने किनाऱ्यावरची एक खाडी तिथल्या सरदाराकडून विकत घेतली. जहाजांना कोळसा भरायला जागा हवी, एवढंच म्हणाले. मग कंपनीच्या जागी सरकार आलं, झेंडा आला. मग मसावा बंदर घेतलं. मसावाला उकाडा फार, म्हणून वर डोंगरावर अस्मारा शहर बांधलं आणि तिथवर रेल्वे नेली. लोकांच्या चांगल्या जमिनी गेल्या, आणि जमीन गेली तशी पोरं सैन्यात गेली. अब्दू चाचाही गेले, मिसरूड फुटलेलं नव्हतं तेव्हा. त्यांना बोटीत घालून लिबियात पाठवलं, कारण इटलीला लिबियाही हवा होता. तिथे वाळवंटातल्या लोकांना तंबूंसकट हाकलून तारांच्या कुंपणात कोंडलेलं होतं. त्या कुंपणावर चाचांचा पहारा असे. आतले लोक नमाजाला उभे राहिले की बाहेर बंदूक धरून हेही मनात तेच म्हणायचे. पुढे इटलीने शेजारच्या हबशांच्या देशावर लढाई केली. तिथे विमानातून असं काही फवारलं की माणसांची कातडी सोलून निघाली. चाचा म्हणाले, त्या माणसांशी माझं काय भांडण होतं ते मला अजून माहीत नाही.

त्या लढाईसाठी इटलीचे गोरे सैनिक आणि मजूर लोंढ्याने अस्माराला आले. अनेकांनी तिथल्या बायका घरात ठेवल्या. स्वयंपाक, धुणं, आणि बाकीचंही. मुलं झाली. मग इटलीच्या सरकारने कायदा केला, गोऱ्याने काळ्या बाईबरोबर राहिलं तर त्याला तुरुंग. पुढे आणखी कायदा झाला की अशा मुलांना बापाने नावही द्यायचं नाही. बाप निघून गेले. मुलं ना गोऱ्यांची ना काळ्यांची. मिशनच्या जोगिणी, म्हणजे नन, ती गोळा करून नेत. आया स्वतः नेऊन सोडत, कारण खायला घालायला नव्हतं. मरियम अशी पाच-सहा वर्षांची असताना मिशनच्या दारात सोडलेली. तिथे तिची आधीची बोली मोडून काढली, इटलीची शिकवली. सकाळी पाव मिळायचा, पुरेसा नसायचा. ती मोठी होईपर्यंत इंग्रज आले होते, इटलीवाल्यांचं राज्य बुडालं होतं. इद्रीसचे वडील मसावाहून मिशनला मासळी पोचवायचे, त्यांनी तिच्याशी निकाह केला. ती मुसलमान झाली, अरबी शिकली, आणि तिने अट घातली की माझ्या मुलांना हे कधी कळता कामा नये. लोक त्यांना सैनिकांची औलाद म्हणतील.

"झोपेत मात्र ती पाने म्हणायची," चाचा म्हणाले. "तुझा बाप उठून तिला भाकरीचा तुकडा द्यायचा. झोपेतच खायची. त्याने मला सांगितलं आहे."

इद्रीस भिंतीला टेकून खाली बसला. मोठा माणूस, ईदचे नवे कपडे घातलेला. त्याने एकच विचारलं, तिने मला का सांगितलं नाही. मग तो म्हणाला, चाचा, तुम्ही बोला तिच्याशी, तिच्या भाषेत बोला, विचारा आणखी काय हवं. चाचा पुढे वाकले. बराच वेळ ओठ हलवत राहिले. शेवटी एक शब्द म्हणाले. मामाचं अंग एकदम ताठ झालं, डावा हात पोटाशी गेला. चाचा घाबरून मागे सरले.

"मला हुकूम तेवढे येतात," ते म्हणाले. "उभे राहा, चला, झाडा गोळी. दुसरं त्यांनी आम्हाला शिकवलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते शारजाला परत गेले. इद्रीस बेकरीतून लांब पाव घेऊन आला, तिकडे त्याला समून म्हणतात. गरम होता. त्याने तो मामाच्या डाव्या हातात दिला. तिने नाकाशी नेला. मी तोवर तिचं तोंड इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. तिने तो छातीशी धरला आणि तशीच झोपली. त्यानंतर रोज सकाळी तो ताजा समून आणायचा. पण ती काय नुसती वास घेऊन किती दिवस राहणार? तोंडाशी नेऊन चावायला बघायची. मी तिचा हात खाली करायचे. पुन्हा न्यायची.

एका दुपारी इद्रीस माझ्यासमोर बसला आणि म्हणाला काहीतरी कर. मी समूनचा मऊ भाग दुधात बुडवला, पिळून कोरडा केला, बोटाला लावला आणि मामाच्या जिभेवर फिरवला. नुसती चव. लगेच दुसऱ्या बोटाने ओला कपडा फिरवून पुसून काढला, एक कण ठेवला नाही. तिने डोळे मिटले. घाटी वर गेली आणि खाली आली. मग तिने डोळे उघडून माझं मनगट धरलं आणि नवीनच शब्द म्हणाली.

"अंकोरा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कोणी अंदाज केला नाही. इद्रीसने उठून शारजाला फोन लावला. मामा म्हणतच होती. त्याने रिसीव्हर तिच्याकडे धरला, मग कानाला लावला. चाचांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला. मग म्हणाला, कवायत चुकली की त्यांचा साहेब असं म्हणायचा. पुन्हा करा. अजून.

मामाला अजून हवं होतं.

इद्रीसने समूनचा तुकडा तोडला. दुधात बुडवला, पिळला नाही. आणि माझ्याकडे धरला. तो स्वतः देऊ शकत नव्हता, आपल्या हाताने दिलेल्या ग्लासाने काय झालं ते त्याने पाहिलं होतं. मला माहीत होतं, दिला तर ती खाईल, खूष होऊन खाईल, आणि दोन दिवसांत जाईल. न दिला तरी जाईल, थोडी उशिरा. इतक्या वर्षांत कोणी मला विचारलं नव्हतं की काय करायचं. लोक सांगत, मी करत असे.

"नहीं, बाबा," मी म्हटलं.

"सकीना, वो माँग रहा है."

"मालूम है. नहीं."

त्याने तुकडा बशीत ठेवला. त्याने मला काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. त्याने उलट डोक्याला हात लावून मला सलाम केला आणि खोलीबाहेर गेला. मी दार लावून घेतलं. मामा म्हणत राहिली, अंकोरा, अंकोरा, आवाज बसेपर्यंत. मी तिचे पाय चोळत होते. मी बरोबर केलं असं कोणतीही नर्स सांगेल, आणि तसं मी स्वतःलाही आजवर सांगत आले आहे.

त्यानंतर मी चव देणंही बंद केलं. चव दिली की ती मागायची आणि मागितलेलं द्यायचं नव्हतं. इद्रीसने समून आणणं थांबवलं. घरात जेवताना सगळे खोलीचं दार लावून घेत, भाकरीचा वास आत जाऊ नये म्हणून. नूरा तर ओट्याशी उभ्याउभ्याच खायची. मामा आधी दोन्ही शब्द म्हणायची, मग नुसता पहिला, मग एकही नाही. हाताची पकड सैल झाली.

ती एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर गेली. नळीतून दूध देऊन मला पाऊण तास झाला होता. डॉक्टर आले, त्यांनी मला सांगितलं की इतके महिने अंथरुणावर असून अंगावर एक जखम नाही, काम चांगलं केलंस. बायकांनी शेवटचं न्हाऊ घातलं, गुसल दिलं, त्यात मीही होते. नाकातली नळी मीच काढली.

माती देऊन इद्रीस परत आला तेव्हा मी माझी बॅग भरत होते. तो दारात थांबला. पायाला लागलेली वाळू त्याने झटकली नव्हती.

"सकीना," तो म्हणाला, "भूखा तो नहीं गया ना मामा?"

"नहीं, बाबा," मी म्हटलं. "पेट भरा था."

पोट भरलेलं होतं, ते मला माहीत होतं. त्याने मान हलवली. मग वाकून पायाची वाळू झटकली.